तपासणीला आलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

कायाकल्प या सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छता-पुरस्कार योजनेच्या पीअर असेसमेंटला (दुसऱ्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी करायच्या तपासणीला) तुम्ही आमच्या ग्रामीण रुग्णालयात आलात, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

तपासणी म्हटली की रीत ठरलेली: आदल्या रात्री फिनाइलचा घमघमाट, नव्या चादरी, रजिस्टरं पूर्ण. तुम्ही मात्र फाइली नंतर बघितल्या. आधी वॉर्डातल्या मावशींना म्हणालात, "हायपो कसं करता, दाखवा बरं." हायपो म्हणजे आपलं जंतुनाशक पाणी.

मावशींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांना टक्केवारी काय सांगणार? कॅनमधलं पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक मग, पाणी चार मग, झालं एक टक्का, हे तुम्ही मगानेच मोजून दाखवलंत आणि बादलीवर मार्करने रेघा मारल्या. हायपो रोज ताजं का करायचं, तेही सांगितलंत. उजेड-उष्णतेने क्लोरीन उडून जातो. आपल्या खान्देशात वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, म्हणजे उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये नुसतं वासाचं पाणी उरायचं! आता कॅन आतल्या अंधाऱ्या खोलीत असतो.

पोछ्याचंही तसंच. घाण पोछा आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, थेट साबणाच्या बादलीत बुडवला तर पहिल्या खाटेखालची घाण शेवटच्या खाटेपर्यंत जाते. मावशी लगेच म्हणाल्या, "माले आते समजनं, माय."

कचऱ्याच्या पिवळ्या, लाल पिशव्यांचे तक्ते आमच्या भिंतीवर आधीही होतेच. पण सलाइनचा सेट लाल पिशवीत आणि रक्ताचा कापूस पिवळीत का, हे कामगारांना कुणी खाली बसून सांगितलं नव्हतं. प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्प्रक्रियेला जातं, कापूस जाळायला जातो, एवढंच तर सांगायचं होतं. सुई मात्र पांढऱ्या डब्यातच. पिशवीतली सुई डॉक्टरांना नाही, कचरा उचलणाऱ्याला टोचते, हे तुमचं वाक्य प्रसूती कक्षात सगळ्यांना पाठ आहे.

गुण तुम्ही सढळ हाताने दिले नाहीत. शून्य, एक, दोन यांपैकी जिथे शून्य पडायचा तिथे शून्यच पडला. त्याबद्दलही आभार, कारण कोपराने उघडायच्या नळांचा अर्ज त्यानंतरच हलला.

आता एक विनंती. तुम्ही चित्रं काढून दिलेला कागद शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी मागितला आहे. झेरॉक्स काढून दिला तर चालेल ना? खाली तुमचं नाव घालू का, तेवढं कळवा.

आपली,
प्रसूती कक्षातील एक परिचारिका,
जळगाव जिल्हा