पहाटेचं पाणी

मुलुंड, रविवार रात्र

चि. ईशान यास अनेक आशीर्वाद.

बाबा हॉलमध्ये आणि पोरगा बेडरूममध्ये, मध्ये एक भिंत, तरी पत्र लिहितोय. हसशील. पण या आठवड्यात मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा "दूध संपलंय का बघ" म्हणून गप्प बसलो. तेव्हा कागदच बरा.

मंगळवारी तुझा फोन चार्जिंगला लावताना वर्गाच्या ग्रुपवरचे मेसेज स्क्रीनवर येत होते. फोन मी उघडला नाही, पण जे आलं ते दिसलं. कुठल्याशा मुलीने विश्वासाने एकालाच पाठवलेला फोटो, आणि खाली चाळीसेक पोरांचं खिदळणं. तू तो पुढे पाठवला नाहीस. पण हसून डोळ्यात पाणी आलेला तो पिवळा चेहरा तूही टाकलास. त्यावर येतोच. आधी माझी एक गोष्ट ऐक, तुझ्या आजीलाही ठाऊक नाही.

१९९४ साल. मी नववीत, गिरगावातल्या चाळीत. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, मी तुझ्या आत्याच्या आणि आजोबांच्या मध्ये झोपायचो. एका रात्री झोपेतच चड्डी ओली झाली. हे काय, कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेत तो धडा आला तेव्हा बाईंनी "हा घरी वाचा" म्हणून पुढचा उघडला होता. चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं. मी सगळ्यांच्या आधी उठून नळावर चड्डी धुवायची आणि कोणी पाहू नये म्हणून हंडे-कळश्याही भरून ठेवायच्या, असा क्रम सुरू झाला. आजी चाळभर सांगत फिरायची, "आमच्या पोराला आईची किती काळजी!" अजूनही सांगते.

लोकलच्या डब्यात खिडकीच्या वर कागद चिकटवलेले असतात ना, गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज? तू फोनमधून मान वर काढलीस तर दिसतील. तेच वाचून मी एका स्टेशनबाहेरच्या माडीवर गेलो. हिरवा पडदा, आत एक गृहस्थ. त्यांनी नाडी धरली आणि म्हणाले, चाळीस थेंब रक्ताचा वीर्याचा एक थेंब होतो, तुझं तर सगळं वाहून चाललंय, लग्न होणार नाही. एकवीस पुड्या दिल्या, दीडशे रुपये. क्लासच्या फीचे होते. पुडीत पिठीसाखर असावी, गोड लागायची. तीन वर्षं मी स्वतःला आजारी समजत होतो, आणि आजार काहीच नव्हता.

वयात येताना, म्हणजे मुलांमध्ये साधारण नऊ ते चौदा या वयात केव्हातरी सुरुवात होते, वृषणं कामाला लागतात आणि मग शुक्रपेशी बनतच राहतात. झोपेत बाहेर पडल्या तर पडल्या, नाहीतर शरीर त्या जिरवून टाकतं. रक्ताचा हिशेब खोटा. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, केस गळत नाहीत, गणितात नापास होत नाही. मी झालो तो क्लास बुडवल्यामुळे.

पुढे वाचनात आलं आणि कपाळावर हात मारला. आपल्या चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात र. धों. कर्वे गणित शिकवायचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या कामापायी नोकरी सुटली. १९२७ पासून मासिक चालवलं, त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं छापली. १९३४ मध्ये त्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच. म्हणजे माझ्या शंकेचं उत्तर साठ वर्षं आधी याच शहरात छापून झालं होतं, आणि मी पुड्या खात होतो.

तर मी स्वतःच्या चड्डीची लाज धरली. आणि त्याच वयात चाळीतली पोरं जिन्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर जे बोलायची, त्याला मी खुशाल हसायचो. तुझी आत्या बसमध्ये चढण्याआधी पर्समधली सेफ्टी पिन हातात घ्यायची. ती कशाला, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून तो पिवळा चेहरा मला लागला. त्या मुलीने फोटो पाठवायला नको होता, असं आईला वाटतं. मला तो मुद्दाच वाटत नाही. एकाला दिलेला होकार चाळीस जणांना लागू होत नाही. हातात हात घ्यायचा तरी विचारावं, आणि ती गप्प राहिली तर ते 'हो' नाही. मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात (बघितले नाहीस असं मी धरत नाही) त्यात कोणी कोणाला काही विचारत नाही. सिनेमातली मारामारी जितकी खरी, तितकेच ते खरे. उद्या तुला मुलगी आवडेल किंवा मुलगा, मला सांगायला कचरू नकोस; नियम दोन्हीकडे हाच.

कायदाही सांगून ठेवतो. अठराच्या आतल्या कोणाचाही लैंगिक स्वरूपाचा फोटो ठेवणं, पुढे पाठवणं पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) आणि आयटी कायद्यात गुन्हा आहे, पाठवणारा पंधराचा असला तरी. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. तू तिला 'सॉरी'चे मेसेज पाठवत बसू नकोस. त्याने तुला हलकं वाटेल, तिचं काय?

उद्या संध्याकाळी सात वाजता तुझ्या वर्गशिक्षिकांना फोन करायचाय. बोलायचं तू, मी शेजारी बसतो.

आणि चादर धुवायची असली तर मशीनचं तिसरं बटण, अर्ध्या तासात होते. आईला सांगून ठेवलंय, काही विचारणार नाही. पहाटे उठायची गरज नाही.

तुझा,
बाबा