ओझे सैनिकावरच का?

अमेरिकेतील राखीव सैनिकांच्या सेवामुक्तीच्या शेऱ्यावरील (सैन्य सोडताना सेवा सन्माननीय होती की नाही, याची कागदावरील नोंद) लेख वाचला. शेरा सुधारण्यासाठी १५ वर्षांत अर्ज करावा, हा त्यातील सल्ला नियमाला धरून आहे, पण अपुरा आहे. तिथल्या लष्करी राखीव दलात सहसा महिन्यातून एकदा होणाऱ्या शनिवार-रविवारच्या सरावाच्या सहसा चार हजेऱ्या धरतात आणि वर्षात विनापरवाना नऊ चुकल्या की वाईट शेऱ्यासह काढून टाकण्याची कारवाई होऊ शकते. युद्धाहून परतलेल्या, मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाच्या नऊ हजेऱ्या चुकायला तीन महिनेही पुरतात! मानसिक आघाताच्या अर्जांकडे उदारपणे पाहण्याचा आदेश २०१४ मध्ये निघाला, तरी कागद जमवायचे सैनिकानेच. समलिंगी म्हणून काढलेल्या ८०० हून अधिक जणांचे शेरे पेंटागॉनने स्वतःहून तपासून सुधारल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. हीच तत्परता या सैनिकांसाठीही दाखवावी.

– एक वाचक, सातारा