कुरतडते म्हणून पिल्लू परत करू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर अलीकडे वर्तमानपत्रांतून जी चर्चा होते, तिच्यात दत्तक घेण्याचा पर्याय वारंवार मांडला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही इच्छुक प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिलेली आहे. मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची राहील, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. ही जबाबदारी घरात प्रत्यक्ष कुठे अडते, याविषयी मला लिहायचे आहे.

नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा आणि सिडको या भागांत आम्ही काही शेजारी रस्त्यावरच्या पिल्लांना घरे शोधून देत असतो. पिल्लू नेलेल्या घरातून पुढे जे फोन येतात, त्यांत भुंकण्याची किंवा घरात घाण करण्याची तक्रार असते, पण सर्वांत जास्त तक्रारी कुरतडण्याच्या असतात. मुलांच्या शाळेचे बूट, चार्जरची वायर, टीव्हीचा रिमोट, सोफ्याचा कोपरा, पायपुसणे आणि सोसायटीत राहणाऱ्यांच्या बाबतीत शेजाऱ्यांनी दाराबाहेर काढलेल्या चपला, अशी ही यादी असते. शेजाऱ्यांच्या चपलेवरून वाद झाला, की पिल्लाचे घरातले दिवस भरलेच म्हणून समजावे. कोणी ते परत आणून देतात, कोणी गॅलरीत साखळीने बांधून टाकतात, आणि कोणी रात्री गाडीत घालून दूरच्या रस्त्यावर सोडून येतात. यातले बहुतेक लोक दुष्ट नसतात. काय करावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात लहान मुलाप्रमाणेच त्याच्याही हिरड्या शिवशिवतात, दुखतात आणि काहीतरी चावल्याने त्याला बरे वाटते. दात आल्यावरही हे लगेच थांबत नाही. वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत, काही कुत्र्यांत त्याहूनही पुढे, चघळण्याची ओढ जोरात असते. पिल्लू घरात येते ते बहुधा दोन महिन्यांचे असताना, आणि त्याचे कुरतडणे भरात येते ते चौथ्या-पाचव्या महिन्यात, म्हणजे नेमके घरातले नव्याचे कौतुक ओसरत असताना. त्यामुळे ‘आधी चांगले होते, आता बिघडले’ असा समज होतो. प्रत्यक्षात ते बिघडलेले नसते, वयानुसार वाढत असते. चप्पल आणि रिमोट याच वस्तू त्याला का सापडतात, याचेही कारण साधे आहे. या वस्तूंना आपल्या हातापायांचा वास सर्वाधिक असतो, आणि पिल्लाला तो वास हवाहवासा वाटतो.

आता शिक्षेविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. संध्याकाळी घरी आल्यावर फाटलेली उशी दिसते. आपण पिल्लाला तिच्याजवळ ओढत नेतो, त्याचे तोंड तिच्यावर दाबतो, ओरडतो किंवा चापट मारतो. पिल्लू कान पाडते, शेपूट पायांत घालते, नजर चुकवते, आणि घरातले म्हणतात, ‘बघा, आपण चूक केली हे त्याला बरोबर कळते.’ न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासले होते. मालकाने कुत्र्याला समोरचा खाऊ खायचा नाही असे बजावून खोलीबाहेर जायचे, आणि परतल्यावर त्याला कुत्र्याने काय केले ते सांगितले जायचे. काही वेळा मुद्दाम खोटे सांगितले जायचे. ओशाळलेला चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर, मग कुत्र्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट काहीही न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तो अधिक ठळक दिसला. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप समजतो, ती आपल्या रागाची भीती असते. दुपारी फाडलेल्या उशीचा आणि संध्याकाळच्या चापटीचा संबंध पिल्लाला लावता येत नाही. मालक दारातून आला की मार बसतो, एवढेच ते शिकते. पुढे ते पलंगाखाली लपून कुरतडू लागते, तोंडातली वस्तू हिसकावली जाईल या भीतीने घाईघाईने गिळून टाकते, किंवा जवळ येणाऱ्यावर गुरगुरते. पायमोजा किंवा कापडाचा तुकडा असा गिळला गेला तर आतड्यात अडकतो आणि पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते.

मग करावे काय? पहिली गोष्ट शिकवण्याच्याही आधीची आहे: जे कुरतडायला नको, ते पिल्लाच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नये. चपलांच्या कपाटाला दार असावे, चार्जर वापरून झाला की सॉकेटमधून काढून वर ठेवावा, धुण्याच्या टोपलीला झाकण असावे. घरात कोणाचे लक्ष नसेल तेव्हा पिल्लाला सबंध घर मोकळे न देता एखादी सुरक्षित खोली किंवा जाळीचे कुंपण घातलेला कोपरा द्यावा, तिथे त्याचे अंथरूण, पाणी आणि खेळणी असावीत. मात्र हा कोपरा शिक्षेची कोठडी होता कामा नये. आपण घरात असतानाही त्याला अधूनमधून तिथे खाऊ देऊन बसवावे, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे नको त्या वस्तूच्या बदल्यात हवी ती वस्तू देणे. पिल्लाच्या तोंडात चप्पल दिसली, की तिच्यामागे धावू नये. पाठलाग हा त्याच्या लेखी उत्तम खेळ असतो आणि उद्या ते खेळायला पुन्हा चप्पलच उचलते. पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा त्याच्या नाकाशी धरून शांतपणे ‘सोड’ म्हणावे, तोंड उघडले की शाबासकी आणि तुकडा द्यावा, आणि लगेच त्याची स्वतःची चघळायची वस्तू पुढे करावी. हा सराव आधी त्याच्याच खेळण्यांवर करून घेतला, की ऐन वेळी ‘सोड’ कामी येते. पुढची पायरी मात्र बहुतेक घरांत राहून जाते. पिल्लू कोपऱ्यात बसून आपले खेळणे शहाण्यासारखे चघळत असते तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि चप्पल उचलली की सारे घर उठून उभे राहते. पिल्लाला तर लक्षच हवे असते. ते खेळणे चघळत असताना जवळ जाऊन हळू आवाजात कौतुक करणे, हा माझ्या मते या सगळ्या शिक्षणाचा गाभा आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

चघळायला काय द्यावे, याबाबतही घरोघरी बराच गोंधळ दिसतो. जुनी चप्पल खेळायला देऊ नये, कारण जुनी आणि नवी यांतला फरक त्याला कळत नाही. दात येत असताना फ्रिजमधले थंडगार गाजर किंवा ओला करून गोठवलेला जाड सुती कपडा, आपण समोर असताना, हिरड्यांना आराम देतो. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून ते गोठवून दिले, तर पिल्लू बराच वेळ त्यात रमते. शिजवलेली हाडे अजिबात देऊ नयेत. त्यांच्या टोकदार चिरफळ्या होऊन त्या घशात किंवा आतड्यात रुततात. अतिशय कडक वस्तूंनी दात तुटतात, म्हणून पशुवैद्यक एक सोपी कसोटी सांगतात: अंगठ्याचे नख दाबून जी वस्तू जराही दबत नाही, ती पिल्लासाठी फार कडक समजावी. सोफ्याच्या पायांना लावायला कडू चवीचे फवारे बाजारात मिळतात, ते काही कुत्र्यांवर चालतात. त्यांच्याऐवजी तिखट किंवा मिरपूड लावण्याचा उपाय काही जण करतात, तो क्रूर आहे. त्याने डोळे आणि नाक पोळते आणि पिल्लू शिकत काहीच नाही.

आपल्या नाशिककरांना एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. या जिल्ह्याची ओळख असलेली दोन पिके, द्राक्ष आणि कांदा, कुत्र्यांना विषारी आहेत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्याने त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे असते, त्यामुळे ‘दोन-चार मण्यांनी काय होते’ असे म्हणण्याची सोय नाही. हंगामात आपल्या घरोघरी द्राक्षांच्या पेट्या जमिनीवरच ठेवलेल्या असतात, आणि जे पिल्लू पुठ्ठा फाडते ते आतला घडही फस्त करते. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो वा मसाल्यातला असो, त्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग होतो, लसणाचेही तेच. म्हणून खेळण्यात भरायला रस्साभाजी किंवा फोडणीचा भात घेऊ नये. यातले काही पोटात गेल्याची शंका आली, तर उलटी होण्याची वाट न पाहता पिल्लाला लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

कुरतडण्यामागे पुष्कळदा कंटाळा असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या घरांत नवरा-बायको दोघेही दिवसभर बाहेर असतात, आणि पिल्लू एकटे असते. कामावर निघण्यापूर्वी त्याला हुंगत हुंगत सावकाश फिरू दिले, तर त्याचे डोके आणि पाय दोन्ही थकतात आणि ते झोपते. एप्रिल-मेमध्ये हे फिरणे डांबर तापण्याच्या आत उरकावे. साखळीने बांधून ठेवणे हा यावरचा उपाय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हा आहे, हे फार थोड्या मालकांना ठाऊक असते. मात्र पिल्लू केवळ एकटे असतानाच, तेही दार-खिडक्यांच्या चौकटीच कुरतडत असेल, सतत रडत असेल, लाळ गाळत असेल, तर तो कंटाळा नसून एकटेपणाची धास्ती असू शकते. तिथे एकटे राहण्याची सवय अगदी थोड्या वेळापासून हळूहळू लावावी लागते. माती किंवा शेण खाणाऱ्या पिल्लालाही पशुवैद्यकाला दाखवून जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे.

आमच्यासारख्या, पिल्ले दत्तक देणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे, की पिल्लू हाती देताना लसीकरणाच्या कार्डासोबत कुरतडण्याविषयीच्या सूचनांचा एक मराठी कागदही द्यावा, आणि पिल्लू चार महिन्यांचे झाले की त्या घरी आपण होऊन फोन करावा. महापालिकेने दत्तक देताना अशीच माहिती द्यावी. गृहनिर्माण सोसायट्यांनी दाराबाहेरच्या चपलांसाठी बंद कपाटांची सक्ती केली, तर निम्मी भांडणे सुरूच होणार नाहीत. आपल्या दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत शहरातील पशुवैद्यकांकडून या विषयावर एखादे छोटे सदर लिहून घ्यावे; ते द्राक्षांच्या हंगामापूर्वी सुरू झाले तर अधिक उपयोगी पडेल.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक