माहितीपटानंतर तुम्ही बोललात, त्याबद्दल

प्रिय ताई,
स. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. त्यावरून वस्तीतल्या कुणाची ओळख लागू नये, हा तुमचाच आग्रह. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

इराणमधल्या एका खुन्यावर मझियार बहारी यांनी केलेला 2002 सालचा माहितीपट सोलापुरात दाखवायचा ठरला, तेव्हा नंतर बोलायला कुणाला बोलवावं यावर आमच्यात बराच खल झाला. कुणी मानसोपचारतज्ज्ञ सुचवले, कुणी वकील. धंद्यातल्या बायकांमध्ये इतकी वर्षं आरोग्याचं काम करणाऱ्या तुम्हाला बोलवायचं सुचलं, हे आमचं भाग्य.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मशहद हे इराणमधलं मोठं तीर्थक्षेत्र. शिया मुस्लिमांचे आठवे इमाम रझा यांची कबर तिथे आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आसपास असलेल्या आपल्याला अशा गावाचं वातावरण समजावून सांगावं लागत नाही. तिथे बांधकामावर काम करणाऱ्या सईद हनाईने 2000-2001 मध्ये 16 बायकांना मारलं. बहुतेकींना स्वतःच्या घरी नेऊन, त्यांच्याच डोक्यावरच्या रुमालाने गळा आवळून. बहुतेक जणी पोटासाठी शरीर विकणाऱ्या, कित्येक नशेच्या आहारी गेलेल्या. पकडल्यावर तो म्हणाला, मी शहराची घाण साफ करत होतो, हे धर्माचं काम आहे. एप्रिल 2002 मध्ये त्याला फाशी झाली. पण त्याआधी त्याची बाजू घेणारे लोक उघडपणे बोलत होते, आणि त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा कॅमेऱ्यासमोर बापाचं समर्थन करत होता. मला सगळ्यांत जास्त हादरवलं ते त्या मुलाने.

चर्चा सुरू झाली आणि सगळे प्रश्न त्याच्याबद्दलच. तो वेडा होता का? खरंच श्रद्धाळू होता की ढोंगी? तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "सोळावी मरेपर्यंत पहिलीला कुणी शोधत का नव्हतं?"

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत, ते मी घरी येऊन लिहून काढलं. धंद्यात बाईचं नाव वेगळं असतं, गाव ती वेगळंच सांगते. माहेरी वाटतं, ती कारखान्यात कामाला आहे. ती परत आली नाही, तर इथले म्हणतात मुंबईला गेली असेल आणि घरचे म्हणतात सुटी मिळाली नसेल. मैत्रीण तक्रार द्यायला गेली, तर पहिला प्रश्न, "तू तिची कोण?" मग कुठेतरी बेवारस म्हणून पंचनामा होतो आणि प्रकरण मिटतं. मारणाऱ्याला हे सगळं आधीच ठाऊक असतं, म्हणून तो अशीच बाई निवडतो. धर्माचं कारण त्याला नंतरही सापडतं.

आणि तुमची ती वही! खरं नाव, गावाकडचा एक फोन नंबर, अंगावरची खूण, सगळं बाईच्या संमतीने लिहिलेलं आणि कुलपात ठेवलेलं. लॉजवर जाणाऱ्या बाईच्या गाडीचा नंबर दुसरीने टिपून ठेवायचा, ही सवय तुम्ही लावलीत. यातून किती जीव वाचले असतील ते मोजता येणार नाही, पण वाचले असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "त्या लोकांच्यात असलंच चालतं." त्यावर तुम्ही शांतपणे विचारलंत, "मग मानवत कुठल्या देशात आलं ओ?" जुन्या माणसांच्या माना खाली गेल्या. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1972 ते 1974 या काळात गुप्तधनाच्या नावाने बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. मी त्यात इंग्लंडची भर घालते. पीटर सटक्लिफने 1975 ते 1980 मध्ये 13 बायका मारल्या आणि देवाचा आवाज ऐकू येत होता असं कोर्टात सांगितलं. ज्यूरीने 1981 मध्ये वेडाची सबब न मानता त्याला खुनासाठीच दोषी धरलं. पण त्याच खटल्यात सरकारी वकील म्हणाले, मेलेल्यांपैकी काही जणी वेश्या नव्हत्या, हा कदाचित सर्वांत दुःखद भाग. कोर्टाबाहेर बायकांनी निदर्शनं केली, ते योग्यच होतं.

कोलकात्याच्या खटल्याची माहितीही मला तुमच्यामुळेच मिळाली. 1999 मध्ये तिथे धंद्यातल्या एका बाईचा खून झाला. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुन्याची शिक्षा कायम केली आणि तिथेच न थांबता या बायकांच्या सन्मानाने जगण्याचा प्रश्न हाती घेतला. मे 2022 मध्ये पोलिसांनी त्यांच्याशी कसं वागावं याचे निर्देश निघाले, ते याच प्रकरणात. तुम्ही तो कागद पिशवीत घेऊनच फिरता, हे पाहून फार बरं वाटलं.

आता कामाचं. कार्यक्रमाला आलेल्या कायद्याच्या दोन विद्यार्थिनी हरवल्याची तक्रार द्यायला तुमच्यासोबत पोलीस ठाण्यात यायला तयार आहेत. फोटो काढायचे नाहीत, वहीला हात लावायचा नाही, आणि तुम्ही सांगाल तेवढंच करायचं, असं त्यांना बजावलं आहे. तुमच्या सवडीचा दिवस कळवा. माहितीपट वस्तीत दाखवायचा की नाही, ते तिथल्या बायकांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर दाखवायचा नाही.

तुमची कृतज्ञ,
कार्यक्रम ठरवणाऱ्यांपैकी एक