बोर्ड गेला म्हणण्याआधी स्क्रीनवरची ओळ वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेलूत मी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं केंद्र चालवते. नोव्हेंबरात अतिवृष्टीच्या अनुदानाच्या ई-केवायसीसाठी दारात शेतकऱ्यांची रांग होती आणि माझा मुख्य संगणक चार दिवस बंद पडून होता. एक आजोबा दोनदा एसटीने येऊन रिकाम्या हाताने परत गेले. ते अजून मनातून जात नाहीत, म्हणून हे पत्र.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, म्हणून विंडोज ११ टाकायला घेतलं. पहिल्याच पायरीला 'या पीसीवर चालणार नाही' असं आलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, मशीन जुनं झालं." मशीन २०१८च्या दिवाळीतलं, आठव्या पिढीचं आय-३. विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांत ते बसतं. फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, टीपीएम हा सुरक्षेचा भाग बंद होता. इंटेलच्या बोर्डावर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. तो चालू केला आणि तो संदेश गेला.

मग फाइली कॉपी होता होता ०एक्स८००७०५७० हा एरर आला. फाइल खराब आहे किंवा सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुरुस्तीवाल्याने तीनदा तेच केलं आणि निकाल दिला: बोर्ड (मदरबोर्ड) गेला, नवीन घ्या, ३८ हजार. एवढी रक्कम माझ्यासारखीने हंगामाच्या मध्येच कुठून आणायची?

नांदेडला डिप्लोमा करणाऱ्या भाच्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "मावशी, दर वेळी त्याच टक्क्यावर थांबतंय का?" मी पाटीवर लिहीत बसले: २३, मग ६१, मग ८. पेनड्राइव्ह बदलून नव्याने तयार केला, तरी तेच. पेनड्राइव्हवरची फाइल खराब असती तर गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडली असती. फाइली उलगडताना रॅममधून, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीतून जातात. रॅममधली एखादी जागा खराब असेल, तर ज्या फाइलीच्या वाट्याला ती येईल ती बिघडते, म्हणून थांबण्याची जागा रोज वेगळी.

कॅबिनेट उघडलं. कापसाच्या दिवसांत आमच्याकडे धुळीबरोबर तंतू उडतो, त्याची करडी गादीच पंख्यावर बसलेली. वायर काढून रॅमच्या चार जीबीच्या दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या. त्यांचे सोनेरी दात लेकीच्या खोडरबरने हलक्या हाताने घासले, तर रबर काळं झालं. एकेक पट्टी लावून मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम रात्रभर चालवला. पहिलीवर सकाळपर्यंत एकही चूक नाही. दुसरीवर अर्ध्या तासात पडदा लाल ओळींनी भरला. बोर्ड ठणठणीत होता.

डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची म्हणूनही इन्स्टॉलर एकदा अडला होता. त्याला जीपीटी ही नवी मांडणी लागते. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: सगळी पार्टिशनं उडवली की अडचण सुटते, पण डी ड्राइव्हही त्यातच जातो. माझ्या डीमध्ये लोकांच्या अर्जांच्या सात वर्षांच्या पोचपावत्या होत्या. डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून त्या आधी उतरवून घेतल्या, मगच हात लावला. एका पट्टीवर मशीन जरा हळू चालतं, पण चालतं.

माझा राग त्या माणसावर नाही, त्याच्याही डोक्यावर गर्दी होती. पण बिलावर 'बोर्ड खराब' लिहिण्याआधी कोणती तपासणी केली, हे त्याने लिहायला हवं आणि ते विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. मी संगणकाचा कोर्स केला तेव्हा वर्ड, एक्सेल, टायपिंग शिकले. बायोसचा पडदा कुणी दाखवला नाही. इंग्रजीत एरर आला की आमच्याकडची पोरं घाबरून बटण दाबून मोकळी होतात. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला तरी अर्धं काम होतं.

मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला माझ्यासारखी केंद्रं आहेत. आपल्या पुरवणीत आठवड्याला एक लहान चौकट द्यावी: एक एरर, त्याचा मराठीत अर्थ आणि आधी काय तपासायचं. चार दिवसांत आलेले सगळे संदेश मी वहीत उतरवले आहेत, हवे असल्यास पाठवीन.

आपली वाचक,
एक केंद्रचालक, सेलू (जि. परभणी)