राजाची बेटं, ब्रिटनची नव्हेत

सेंट हेलियर, जर्सी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू ‘इंग्लंडात कसं चाललंय?’ विचारलंस आणि फोन कट झाला. अरे, जर्सी हे इंग्लंड आणि फ्रान्समधल्या खाडीतलं बेट, ते इंग्लंडात नाही. युनायटेड किंग्डममध्येही नाही आणि वसाहतही नाही. लंडनच्या संसदेत इथून खासदार जात नाही. कायदे, कर, नोटा सगळं इथलं; संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार तेवढे लंडनकडे. बेट राजाचं, देशाचं नव्हे.

हा गुंता 1204 चा. तेव्हा इंग्लंडचा राजा हाच नॉर्मंडीचा, म्हणजे समोरच्या फ्रेंच किनाऱ्याचा, ड्यूक; आणि जर्सी, गर्न्सी, सार्क ही बेटं नॉर्मंडीचीच. जॉन राजाने त्या साली मुख्य भूमीवरची नॉर्मंडी फ्रान्सच्या राजापुढे घालवली, ही बेटं मात्र त्याच्याकडेच राहिली. ‘इंग्लंडने आम्हाला कुठं जिंकलं? 1066 मध्ये आमच्या ड्यूकने इंग्लंड जिंकलं!’ असं इथली मंडळी मिशीला पीळ देऊन सांगतात. मेजवानीत अजून ‘आमचा ड्यूक’ म्हणूनच राजाच्या नावाने पेला उंचावतात.

तू वकील, म्हणून मुद्दाम सांगतो. इथे कुणी तुझ्या जागेत बांधकाम रेटू लागलं, तर दोन साक्षीदारांदेखत, टोपी काढून, गुडघे टेकून फ्रेंचमध्ये ओरडायचं: ‘हारो! हारो! हारो! धाव रे राजा, माझ्यावर अन्याय होतोय!’ गर्न्सीत वर प्रभूची प्रार्थनाही म्हणायची, तीही फ्रेंचमध्ये. समोरच्याने काम तिथल्या तिथे थांबवायचं, कोर्टात निकाल लागेपर्यंत. उगाच ओरडलास तर दंड तुलाच. 2018 मध्ये गर्न्सीत एका बाईने रस्त्याच्या कामाविरुद्ध हे हत्यार उपसलं होतं. आपल्या स्टे ऑर्डरपेक्षा बरं, नाही?

शेजारचं सार्क बेट तर त्याहून वरताण. 1565 मध्ये एलिझाबेथ राणीने ते जर्सीच्या हेलिए द कार्तरेला वतन दिलं. अट अशी, बेटाच्या रक्षणाला 40 हत्यारबंद माणसं ठेवायची; म्हणून त्याने जमीन 40 जणांत वाटली. त्या जमिनींच्या मालकांना बेटाच्या कायदे करणाऱ्या सभेत आपोआप मिळणारी खुर्ची थेट 2008 मध्ये गेली. मोटारी तिथे आजही नाहीत. ट्रॅक्टर, सायकली, घोडागाड्या.

हे सगळं गोड वाटतं खरं, पण राजाच्या या छत्रीचा फायदा जास्त कुणाला, तेही बघ. इथे बहुतेक कंपन्यांना कर 0 टक्के, वित्तसंस्थांना 10, आणि माझ्यासारख्या पगारदाराला 20 पर्यंत!

आता तुझ्या मुंबईचं. 1649 मध्ये इंग्लंडात चार्ल्स पहिल्या राजाचं डोकं उडवलं, तेव्हा त्याच्या मुलाला, चार्ल्स दुसऱ्याला, जर्सीने लगेच राजा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी तो इथे येऊन राहिलाही. त्याला आसरा देणाऱ्या जॉर्ज कार्तरेला पुढे अमेरिकेत जमीन मिळाली, तीच न्यू जर्सी. आणि याच चार्ल्सच्या लग्नाच्या करारात, 1661 मध्ये, पोर्तुगालने मुंबई देऊ केली. 1665 मध्ये ताबा मिळाला, म्हणजे तीनेक वर्षं मुंबईही थेट राजाच्या नावावर होती. मग 1668 च्या सनदेने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला 10 पौंड खंडावर. सनदेच्या लेखी मुंबई इंग्लंडातल्या केंट परगण्याच्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीच्या खात्यात!

तुझ्या घरमालकाने पागडीच्या खोलीचं भाडं किती वाढवलं, ते तू सांगितलंच नाहीस. काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद