कानच्या समोरची दोन बेटं

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

ऑक्टोबरमध्ये इकडे फ्रान्सला, नीसला आलात की एक दिवस जवळच्या कानला जायचं ठरलंय. (आपल्याकडचे पेपर ‘कान्स’ लिहितात. स्टेशनवरच्या घोषणेत मात्र ‘कान’ असंच ऐकू येईल, तेव्हा गोंधळू नका.) तो अख्खा दिवस क्रुआझेत या समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या दुकानांच्या काचा बघण्यात घालवू नका. चित्रपट महोत्सवाच्या लाल गालिच्याच्या त्या पायऱ्या दहा मिनिटांत बघून होतात. तिथून समोर समुद्रात झाडांची एक काळसर रेघ दिसते, तुम्हाला जायचंय ते तिकडे.

ही लेरँची बेटं. जवळचं आणि मोठं बेट सँत-मार्गरीत किनाऱ्यापासून जेमतेम एक-सव्वा किलोमीटरवर आहे. त्याच्या मागे दडलेलं धाकटं बेट म्हणजे सँ-तोनोरा. मधला समुद्र इतका अरुंद आहे की एका बेटावरून दुसऱ्यावरची झाडं स्पष्ट दिसतात. बहुतेक लोक फसतात ते इथेच. समोरच दिसतंय म्हणजे या बेटावरून त्या बेटावर बोट असणार, असं त्यांना वाटतं. तशी बोट नाही. दोन्हीकडच्या लाँच वेगळ्या, तिकिटं वेगळी, आणि एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. दुसऱ्या बेटावर जायचं तर परत कानला येऊन नव्याने निघावं लागतं. म्हणून एका दिवशी एकच बेट करा.

माझं ऐकाल तर पहिलं सँ-तोनोरा. आई, ते खास तुझ्यासाठी. बेट दीड किलोमीटर लांब आणि सुमारे चारशे मीटर रुंद आहे. किनाऱ्याने पूर्ण फेरी तीनेक किलोमीटरची, वाट जवळजवळ सपाट, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. बसत-उठत गेलात तरी दीड-दोन तासांत होईल. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ओनोरा यांनी इथे मठ स्थापला. मधे मठ बंद पडला होता, १८६९ पासून सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू पुन्हा इथे राहतात. आज वीसएक जण असतील. बेट त्यांचं, आणि तिथे जाणारी प्लानारिया ही बोटसेवाही त्यांचीच. सुमारे ८ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस एकर द्राक्षबाग ते स्वतः राखतात, वाइन करतात आणि मठाच्या दुकानात विकतात.

देवळात जाऊन आलो की आपण पायरीवर टेकतो ना, तसं इथल्या चर्चमध्ये शांत बसता येतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. साधू राहतात तो भाग बंद असतो, तिथलं दार ढकलून बघू नका. आवाज हळू, आणि बाबा, फोन सायलेंटवर. दक्षिण टोकाला अगदी पाण्यात उतरल्यासारखा एक तटबंदीचा बुरुज आहे. अकराव्या शतकात तो बांधायला घेतला, कारण समुद्रावरून हल्ले व्हायचे आणि साधूंना आसऱ्याला जागा हवी होती. आतल्या पायऱ्या अरुंद आहेत. आई, तू बाहेरूनच बघ, बाहेरून तो जास्त छान दिसतो.

किनाऱ्यावर तपकिरी, पट्ट्यांसारख्या सुक्या पानांचे ढीग दिसतील, कुठे कुठे गुडघाभर. वासही येतो. घाण म्हणून नाक मुरडू नका. ती पोसिडोनिया. शेवाळ नव्हे, समुद्राच्या तळाशी उगवणारी, फुलं येणारी वनस्पती. तिच्या झडलेल्या पानांचे ढीग लाटांचा मारा झेलतात आणि वाळू वाहून जाऊ देत नाहीत, म्हणून बरेचदा ते मुद्दाम तसेच ठेवतात. त्यात लिंबाएवढे गोल गोळे सापडतील. हातात घेतलेत तर थेट नारळाच्या काथ्याचा गोळा वाटेल! तेही याच झाडाचे तंतू, लाटांनी लोळवून लोळवून वळलेले. ही वनस्पती फार सावकाश वाढते आणि बोटीच्या नांगराने उपटली की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मोठ्या यॉटना तिच्यावर नांगर टाकायला आता बंदी आहे, आणि ते योग्यच झालं.

बाबा, तुम्हाला किल्ला बघायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी सँत-मार्गरीत. तिथल्या फोर रॉयाल किल्ल्यात १६८७ ते १६९८ या काळात तो प्रसिद्ध ‘मुखवट्यातला कैदी’ (लोखंडी मुखवट्याची दंतकथा ज्याच्यावरून आली तो) ठेवला होता. त्याची कोठडी बघायला मिळते. भिंत केवढी जाड आहे ते खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळतं, एकामागे एक गजांच्या तीन जाळ्या आणि पलीकडे समुद्र. मुखवटा लोखंडाचा नव्हे, मखमलीचा असावा असं अभ्यासक सांगतात. धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत चढ आहे, तो सावकाश चढा. बाकी बेट म्हणजे पाइन आणि निलगिरीचं जंगल. गाड्या नाहीत. जंगलात सिगारेट, काडी काहीही पेटवायला सक्त मनाई आहे, कारण पाइनचा पाला क्षणात पेट घेतो.

आता जाण्याचं. नीसहून लोकल गाडीने कान अर्ध्या-पाऊण तासावर. कागदी तिकीट असेल तर त्यावर चढण्याआधी शिक्का मारावा लागतो का ते स्टेशनवर विचारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. स्टेशनपासून जुन्या बंदरापर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालायचं, मग बंदराच्या पश्चिम बाजूचा ‘के लोबफ’ हा धक्का विचारा. दोन्ही बेटांच्या बोटी तिथूनच सुटतात. सँत-मार्गरीत पंधरा मिनिटं, सँ-तोनोरा वीसएक. जाऊन-येऊन एकच तिकीट असतं, ते परतीपर्यंत जपून ठेवा. सकाळी पोचल्या पोचल्या शेवटच्या परतीच्या बोटीच्या फलकाचा फोटो काढा, आणि तिच्या आधीची बोट धरा. ऋतू बदलला की वेळा बदलतात. वारा फार असला तर फेऱ्या रद्द होतात, पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद होतात तसंच. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी हा बेत ठेवू नका.

खाणं बरोबर न्या, बेटांवर जेवण महाग आहे. बंदराजवळच्या फोरव्हिल मंडईत सकाळी फळं, ऑलिव्ह, ब्रेड मिळतं. सोमवारी मात्र तिथे भाजी नसते, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आई, ‘सोका’ मिळाला तर बिनधास्त खा. काबुली चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस्स, आपल्या बेसनाच्या धिरड्याचा भाऊ. ‘पाँ बान्या’ नावाचा गोल पाव मात्र घेऊ नकोस, त्यात ट्यूना आणि अँकोव्ही मासे असतात. माणशी दीड लिटर पाणी, टोपी आणि मागून पट्टा असलेल्या चपला घ्या, पाइनची मुळं वाटेवर वर आलेली असतात. कचरा परत आणायला एक पिशवी ठेवा.

येताना बोटीत पुढे डावीकडे बसा. कानच्या ल सुके टेकडीवरचा जुना गाव आणि त्याचा चौकोनी मनोरा तिथून हळूहळू जवळ येताना दिसतो. आणि बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी हॉटेलवरच घ्या, बोटीच्या गडबडीत राहून जाईल.

तुमची,
मनू